वरची माती

४ सप्टेंबर

धाकट्या,

उतारावरचं हिरवं मेलं. आज सकाळी छत्रीवाले साहेब स्वतः वर चढले, तीन-चार ठिकाणी बुटानं उकरून पाहिलं आणि खाली येऊन म्हणाले, "बाई, काही राहिलेलं नाही." हे रस्तेखात्याचे नवे इंजिनीयर. कडकडीत ऊन असलं तरी काखेत छत्री, म्हणून आमच्या टोळीनं हे नाव ठेवलंय. तुझ्या वेळचे साहेब बदलून गेले.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. बाबा बरे आहेत, आधी तेवढं वाचून श्वास सोड.

तू गेल्यावर इकडे काय झालं ते तुला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही. उतार मोजून तू जो अर्ज केलास त्यावर खात्यानं दोन गोष्टी केल्या. बाबांना डोंगर कापायच्या मशीनवरून उतरवलं, ते तू जाण्याआधी पाहिलंसच. दुसरी म्हणजे उतार फार उभा कापला गेलाय हे त्यांनी मान्य केलं. पण मान्य करून उपयोग काय? वर रस्ता झालेला, खाली आपली गल्ली. उतार निजवायला, कमी उभा करायला जागाच नाही. मग त्यावर गवत पेरून माती धरायची असं ठरलं. ते काम ज्या कंपनीला मिळालं तिच्या पेरणीच्या टोळीवर मी मुकादम आहे. हसू नकोस. शेजारच्या शिलाईवाल्या काकू म्हणतात, "बापानं कापायचं आणि लेकीनं शिवायचं."

गेल्या पावसात चिखल मागच्या दारातून आत आला होता, स्वयंपाकघरात गुडघ्यापर्यंत. काकूंचं शिलाईचं मशीन त्यात बुडालं, ते अजून किरकिरतं. त्या रात्री कुणी मेलं नाही याचं सगळ्यांना एवढं नवल वाटलं की पुढे काय, हे विचारायचंच राहून गेलं.

ऑगस्टमध्ये आम्ही फवारा मारला. टाकीत बी, कागदाचा लगदा, डिंक आणि पाणी घुसळायचं आणि जाड पाइपानं उतारावर मारायचं. कुठे मारलं आणि कुठे राहिलं ते कळावं म्हणून त्यात हिरवा रंग घालतात. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मागच्या दारांत उभी. "एका रात्रीत उगवलं!" रिटायर पोस्टमनकाका तर टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, काका, रंग आहे तो. तर म्हणाले, "असू दे की. दोन वर्षं पिवळं बघून डोळे विटले होते."

मग खरंच उगवलं. पण आठवड्याभरात जे वर येतं ते ओट, जवासारखं धान्य असतं. ते नुसतं सुरुवातीला सावली करायला आणि माती धरायला पेरतात. त्याच्या आडून खरं गवत यायला हवं, खोल मुळांचं, सावकाश वाढणारं. ते आलंच नाही. आणि ओट आता वाळून गेलं. काथ्याची जाळी तेवढी राहिली, तिच्या खाली उघडी माती.

बाबा रोज विचारतात, "आलं का गं?" मी म्हणते, येईल. जेवतात ते मागच्या खिडकीशी उभ्यानं. बसा म्हटलं तर म्हणतात, बसलं की कठडा आड येतो.

आपल्या या बाजूला पाऊस उशिरा, ऑक्टोबरच्या मध्याला लागतो. माझं मागणं एवढंच आहे, तोवर बाबांना तुझ्याकडे ने. पाऊस संपला की आणून सोड. बोलू नकोस हवं तर त्यांच्याशी. बसमध्ये शेजारी बसवून ने म्हणजे झालं.

ताई


१४ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. "मी तेव्हाच सांगितलं होतं. बाबांना यायचं असेल तर त्यांनी मला स्वतः कळवावं." तिकडे शाई मोजून मिळते का रे?

बाबा स्वतः कळवणार नाहीत. हे तुला माहीत आहे आणि म्हणूनच तू तसं लिहिलंस. असो.

इकडे साहेबांनी सगळा दोष बियाण्यावर टाकला. शिळं बी आलं म्हणाले, परत मागवू. मी गोणीतलं मूठभर घरी आणलं, ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलं आणि रोज पाणी शिंपडलं. काल फडकं उलगडलं तर आत नुसते कोंब. मुळं कापडाच्या विणीत अशी घुसलेली की सोडवताना तुटत होती. म्हणजे बी जिवंत आहे. पाणी टँकरनं दिलंय, समोर उभं राहून दिलंय. मग उरली माती.

उतारावर माती नाहीच, धाकट्या. जे आहे ते डोंगराच्या पोटातलं. ओलं असलं की साबण, वाळलं की वीट. वरचा काळा थर, वीतभर जाडीचा, तो कापायच्या आधी खरवडून बाजूला ढीग करून ठेवायचा असतो आणि काम संपलं की उतारावर परत पसरायचा. बी रुजतं ते त्याच्यात. हे मला या नोकरीत आल्यावर कळलं. तो थर कुठे गेला हे मात्र तुला आणि मला आधीपासून माहीत आहे.

संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी बाबा त्या काळ्या मातीची एकेक बकेट एकेका दाराशी ओतायचे. काय ऐट असायची! वरून ओरडायचे, "बोला वहिनी, कुठे टाकू?" गल्लीतल्या बायका मागच्या दारांत रांगेनं उभ्या. आईनं तर दोनदा मागून घेतली. आणि आपल्या परसात ती घमेल्यानं पसरली कुणी? तू. मी पायरीवर बसून "इकडे टाक, तिकडे कमी पडली" असं सांगत होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तुझ्या अर्जात उताराचा कोन होता, मातीबद्दल एक शब्द नव्हता. दोष देत नाही. त्या मातीतली वांगी आपण सगळ्यांनीच खाल्ली.

आणि उरलेला उतार बाबांनी बकेटच्या पाठीनं असा घोटून काढला होता की लोक बघायला थांबायचे. तसल्या गुळगुळीत अंगावर बी ठरत नाही, घरंगळतं. त्याला खरखरीत जमीन लागते, पावलापावलाला अडवणारी. बाबांनी आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम केलं आणि तेच नडलं.

हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगावं असं वाटतंय. गवत येणारच नाही हे कळलं तर खिडकीशी उभं राहायचं कारण उरणार नाही, मग कदाचित हलतील. उद्या जेवताना बोलते.

ताई


२३ सप्टेंबर

धाकट्या,

चुकलंच माझं. सांगायला नको होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताट धुतलं, पालथं घातलं. मग विचारलं, "वरची माती परत टाकली तर येईल?" मी म्हटलं, बाबा, आता कुठून आणणार? तर परसात गेले, घमेलं आणि फावडं घेतलं आणि आईच्या गुलाबांच्या ओळीत फावडं मारलं.

आई गेल्यापासून त्या परसात त्यांनी कुणाला पान तोडू दिलं नव्हतं. आता तिथे खड्डे आहेत. गुलाब उपटून भिंतीला टेकवून ठेवलेत, मुळांना ओलं पोतं गुंडाळून. बाकी सगळी माती एकेक घमेलं करून उतारावर चाललीये.

मी आडवी आले. म्हटलं, या वयात, या गुडघ्यांनी? तर म्हणाले, "मशीनवर बसून खाली आणली, आता पायांनी वर नेतो. त्यात काय?" त्यांच्या हातची चूक आहे ही, आणि ती निस्तरताना त्यांना कुणाचं ऐकायचं नाही.

आपलं परस संपल्यावर ते दारोदार गेले. मी सोबत होते, लाजेनं मेले होते. शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, "दिलेली माती परत मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. माझा ब्लाउज पण उसवून देऊ का, तुमच्या बायकोनं कापड दिलं होतं?"

बाबा म्हणाले, "ब्लाउज राहू दे. माती द्या."

काकू हसल्या आणि मग अचानक रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "न्या हो. सगळी न्या." 

पोस्टमनकाका मात्र अडून बसले. "टोमॅटो निघू दे, मग ने."

"टोमॅटो निघेपर्यंत तू निघालेला असशील."

"मी कुठे निघतोय?"

"चिखलाबरोबर, खाली."

काकांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं त्यांच्या परसातून खणण्याचा आवाज आला. म्हातारा स्वतःच खणत होता, आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं शिव्या देत होता.

पण गल्लीभरची माती ती केवढी? निम्मी वाहून गेलेली, निम्मी फरशीखाली. उतार केवढा आहे ते तू मोजलेला आहेस, मी काय सांगू.

बाबांनी तळाशी, बरोबर आपल्या घराच्या मागे, कुदळीनं आडव्या खाचा मारल्या. त्यांचाच गुळगुळीत उतार त्यांनीच फोडला. त्या खाचांत माती भरली. मी वर बी टाकलं, पेंढा अंथरला, जाळी परत ठोकली. कंपनीला विचारलं नाही. आपल्या पुढच्या खोलीएवढा तुकडा झाला असेल. मी केलं, कारण मी नसतं केलं तर त्यांनी चुकीचं केलं असतं आणि परत पहिल्यापासून केलं असतं.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. गेला महिनाभर मी इथेच राहतेय, तुझ्या खोलीत. मुलीला तिच्या आत्याकडे ठेवलंय. तुझी पुस्तकं हलवलेली नाहीत. बाबा मधे एकदा पायऱ्यांवर तोल जाऊन आपटले होते, म्हणून मी आले. बरे आहेत असं लिहिलं होतं, ते तेवढं खरं नव्हतं.

तू ये. पुन्हा लिहिते, बोलू नकोस हवं तर. पण ये.

ताई


५ ऑक्टोबर

धाकट्या,

उगवलं.

मला वाटलं मलाच भास होतोय, म्हणून टोळीतल्या जुन्या बाईला बोलावलं. तिनं गुडघे टेकले, पेंढा बाजूला केला आणि म्हणाली, "हेच ते. खरं आहे हे." बारीक, सुईसारखं, निळसर. जिथे जिथे ती काळी माती पडली तिथे तिथे आलंय, आणि जिथे तिची कड संपते तिथे सुरीनं कापल्यासारखं थांबलंय.

तुला वाटेल, चला, बरं झालं. नाही. याच्याइतकं वाईट काही झालं नसतं. उगवलं नसतं तर बाबा थकून खाली बसले असते. आता त्यांना कोण उठवणार? दिवसभर उतारावर असतात. आधी निदान दुपारी झोपायचे.

मी एक रोप उपटून पाहिलं. मूळ बोटभर गेलंय, आणि खालच्या विटेला टेकलं तिथे वळून आडवं झालंय. त्याला खाली घुसायला अख्खा हिवाळा हवा. पाऊस त्याच्या आधी येणार. बाबांना मूळ दाखवलं. त्यांनी तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वळलं, म्हणजे वाट शोधतंय."

त्याच दिवशी छत्रीवाले साहेब वरच्या रस्त्यावर भेग बघून गेले. रस्त्याच्या कडेला समांतर, उताराच्या माथ्यावर. तीत हात जातो. त्यांनी गल्लीत येऊन प्रत्येक दाराशी सांगितलं, पावसाआधी घरं सोडायची, शाळेच्या इमारतीत सोय केली आहे. चांगला माणूस आहे. बाबांसमोर छत्री जमिनीवर ठेवून बसला. म्हणाला, "काका, समजून घ्या. गवत वरची कातडी धरतं. आतून डोंगर सुटला तर गवत काय करणार?"

"साहेब, कातडीवाचून माणूस किती दिवस काढतो?"

"पण काका, तुम्ही गेलात तर गवताला पाणी घालायला आम्ही आहोतच की."

"ऑगस्टमध्येही तुम्हीच होता."

साहेबांनी छत्री उचलून मांडीवर घेतली. मग बाबा म्हणाले, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, "मला हलवायचं तर मोजणीवाल्याला बोलवा. ज्याची मोजणी बरोबर होती त्याला. तो येऊन म्हणाला की घर सोडा, तर सोडतो."

साहेबांना वाटलं खात्याचा कुणी मोजणीदार. मला विचारत होते कोण, नाव काय. मी म्हटलं, कळवते.

धाकट्या, ते "बरोबर होती" म्हणाले. दोन वर्षांत त्या अर्जाचा विषय निघाला की उठून जायचे. परक्या माणसासमोर म्हणाले, माझ्याकडे न बघता. याहून जास्त ते बोलणार नाहीत, मरेपर्यंत नाही. तुला कळवायला हवं होतं ना त्यांनी? त्यांनी कळवलंय. आता तू ये आणि नुसतं एवढं म्हण, बाबा, घर सोडा.

आणि मी पत्रं लिहिते हे त्यांना ठाऊक आहे. विचारत नाहीत. पण दुपारी खाली उतरून दारावरची टपालपेटी उघडतात. जाहिरातींचे कागद असले तरी एकेक उलटून पाहतात आणि परत आत ठेवतात, कुणी पाहिलंच नाही अशा बेतानं.

ताई


११ ऑक्टोबर

धाकट्या,

वरची भेग आज सकाळी आणखी उघडली. साहेबांनी तीत छत्री घालून पाहिली, मुठीपर्यंत गेली. हवामानखात्यानं पाऊस उद्या संध्याकाळपासून सांगितलाय, सलग तीन दिवस. टपालानं हे वेळेत पोचणार नाही म्हणून काकूंच्या भाच्याच्या हाती देते. तो तुमच्या बाजूची बस चालवतो. आज रात्री तुझ्या दाराशी येईल. झोपला असशील तर उठ.

परवा तुझा फोन आला तेव्हा बाबा वर होते. मी मागच्या दारातून हाका मारल्या, "धाकट्याचा फोन आहे!" त्यांनी हात वर केला. येतो म्हणून नाही, थांब म्हणून. हातातलं घमेलं अर्ध्यावर सोडायचं नव्हतं. ओतलं, पसरलं आणि उतरायला लागले. तुला माहीत आहे, आता त्यांना उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दारापर्यंत पोचले तेव्हा तू ठेवून दिला होतास. त्यांनी हात धुऊन, पुसून, फोन कानाला लावला तरी. मग मला परत दिला. म्हणाले, "चांगला आहे ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर तुझा नंबर लागत नाही.

गल्ली जवळजवळ रिकामी झाली. काकू काल गेल्या, मशीन डोक्यावर घेऊन, कुणाला हात लावू दिला नाही. पोस्टमनकाका आज सकाळी गेले. जाताना बाबांना म्हणाले, "माझे टोमॅटो तुझ्या गवतापेक्षा मोठे झाले असते." बाबा म्हणाले, "माहीत आहे." मग दोघं बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभे होते. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना तसं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता घरं उघडी पडलीत, नाही म्हणायला कुणी नाही. बाबा एकेक परस खणत चाललेत. मी घमेलं लपवलं. तर आईच्या मोठ्या पातेल्यातून नेऊ लागले. मी पातेलं धरून ठेवलं, ओरडले, नको ते बोलले. तुम्हाला माझी पर्वा नाही, मुलीची नाही, असं सगळं. ते ऐकत उभे राहिले, मी थांबेपर्यंत. मग म्हणाले, "तू जा. तू जायलाच हवं." पातेलं सोडलं नाही.

साहेबांनी पोलिसांना आणलं होतं. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "घरात असते तर उचलून नेलं असतं. उतारावरून कसं आणणार? भेग पडलेल्या डोंगरावर मी माझी माणसं चढवू?" चुकीचं नाही बोलला. उद्या शेवटची गाडी आणतील तेव्हा पुन्हा हाक मारू म्हणाला.

तो तुकडा आता दोन खोल्यांएवढा आहे. खालचा अर्धा चांगला हिरवा आहे, वाऱ्यावर हलतो. एवढं चांगलं गवत मी कुठल्याच कामावर उगवलेलं पाहिलं नाही.

मी थांबणार नाही. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, मला माहीत नाही. मला मुलगी आहे. रात्रभर विचार केला आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं. उद्या दुपारची गाडी येईल तेव्हा मी त्यांना एकदा हाक मारीन, ते हात वर करतील आणि मी गाडीत बसेन. त्यांच्यासाठी दोन दिवसांचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. पुढची खोली उतारापासून लांब आहे, निदान तिथे झोपा म्हटलंय. हो म्हणाले. झोपणार नाहीत.

तुमच्याकडून पहाटेची बस सुटते ती इथे फाट्यावर दुपारी पोचते. फाट्यापासून गल्ली चालत वीस-पंचवीस मिनिटं. गाडी दोनला निघेल. त्यानंतर पोलीस फाट्यावर दोरी बांधणार आहेत, पण साहेबांशी बोलून ठेवलंय, मोजणीवाला आला तर त्याला सोडा. ते हो म्हणाले. पाऊस साधारण सहाला धरलाय. म्हणजे दोन ते सहा बाबा एकटेच असतील, घराच्या मागे, तळाशी. हाक मारलीस तर ऐकू जाईल.

ताई